मार्चचा पगार, एप्रिलचे चलन

आयकरावरून या देशात झालेल्या पहिल्या मोठ्या वादांपैकी एक चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये झडला. १८५७ नंतर रित्या झालेल्या तिजोरीसाठी जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये आयकर आणला. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि आपले टिपण थेट वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होऊ दिले. त्यापायी त्यांना परत बोलावण्यात आले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्या वादातून एक बोध होतो: कराच्या दराइतकीच त्याच्या वसुलीची रीतही प्रजेचा विश्वास घडवते किंवा मोडते.

मार्चअखेरीस ही रीत तपासून पाहावी. खासगी कंपनी मार्चचे वेतन एप्रिलमध्ये देणार असली, तरी तो खर्च मार्चचाच मानते आणि ताळेबंदात देणे म्हणून दाखवते. सरकारचा हिशेब रोखीचा. केंद्रीय कर्मचाऱ्यांना मार्चचे वेतन एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी मिळते, म्हणून तो खर्च पुढील वर्षात जातो. उद्गम करकपातीपुरता मात्र दोघांना एकच नियम आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९२ नुसार वेतनावरील कर नुसत्या नोंदीवर नव्हे, तर प्रत्यक्ष वेतन देताना कापायचा असे.

कापलेला कर खासगी मालकाने पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरावा, असे १९६१ च्या कायद्याखालील नियम ३० सांगत असे. अपवाद फक्त मार्चचा. त्या महिन्यातील कपातीला ३० एप्रिलपर्यंत मुदत आहे. कंत्राटदारांची बिले किंवा व्यावसायिकांचे शुल्क यांबाबत ही सवलत समजण्यासारखी आहे, कारण तेथे खात्यात नोंद होताच कपात करावी लागते आणि वर्षअखेरच्या नोंदी पुरत्या व्हायला वेळ लागतो. वेतनाला हे कारण लागू नाही. तेथे आकडा ठरलेला असतो आणि रक्कम कापून बाजूला काढलेली असते. शिवाय वर्षभरातील कमी कपातीची भरपाई बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्येच होते. म्हणजे ज्या महिन्यात नोकरदाराच्या पगाराला मोठी कात्री लागते, त्याच महिन्याची रक्कम मालकाच्या हाती सर्वाधिक काळ राहते.

मालक बुडाला, तर झळ कोणाला? १९६१ च्या कायद्याचे कलम २०५ कर्मचाऱ्याला संरक्षण देत असे: कापलेला कर त्याच्याकडून पुन्हा मागता येत नसे. अशी वसुली सक्तीने करू नये, असे प्रत्यक्ष कर मंडळाने २०१५ मध्ये अधिकाऱ्यांना बजावलेही. पण मालकाच्या विवरणात नोंद नसेल, तर कराचे श्रेय मिळत नाही, परतावा अडकतो आणि थकबाकी नावावर लोंबकळत राहते. बंद पडलेल्या एका कारखान्यातील कामगारांचे अर्ज मी सेवेत असताना वाचले आहेत. पगारपत्रकावर कपात ठळक, कर खात्यात जमा शून्य.

अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजक म्हणतील की, मार्चमध्ये खेळत्या भांडवलाची चणचण असते. ती खरी आहे. तिच्यावर उपाय बँकेचे कर्ज हा आहे, कामगाराचा कर नव्हे. कापलेला कर वेळेत न भरल्यास दरमहा दीड टक्का व्याज आणि सात वर्षांपर्यंत कारावास अशी तरतूद १९६१ च्या कायद्यात होती. हा पैसा मालकाचा नाही, हे कायद्यालाच मान्य आहे. मग वेतनाच्या बाबतीत तेवीस दिवसांची ही जादा मुदत कशासाठी?

१३ फेब्रुवारी २०२५ रोजी लोकसभेत मांडलेले नवे आयकर विधेयक प्रवर समितीकडे गेले होते. त्यात ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ यांच्या जागी एकच ‘कर वर्ष’ आले, हे स्वागतार्ह. नियमांतही दोन दुरुस्त्या व्हाव्यात. मार्चच्या वेतनावरील कर इतर महिन्यांप्रमाणे ७ तारखेलाच भरला जावा. आणि पगारपत्रक व बँकेतील जमा यांवरून कपात सिद्ध होत असेल, तर कर्मचाऱ्याला श्रेय तत्काळ द्यावे. बुडव्या मालकाचा पाठलाग सरकारने करावा. मालकाला कर गोळा करण्याचे काम सरकारनेच सोपवले आहे. त्याच्या कसुरीची जोखीमही सरकारनेच उचलली पाहिजे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून चेन्नई येथे राहतात. अनुवादित)