छातीतील जळजळ अंगावर काढणाऱ्यांस जाहीर विनंती

मौजे झरी, तालुका व जिल्हा परभणी, येथील आणि पंचक्रोशीतील समस्त ग्रामस्थ व माताभगिनींस कळकळीची विनंती आहे की, छातीत जळजळणे, करपट ढेकरा येणे आणि रात्री-अपरात्री आंबट पाणी घशाशी येणे ही तक्रार दोन-तीन आठवड्यांपलीकडे टिकली असेल, तर ती ‘पित्तच आहे’ म्हणून अंगावर न काढता आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कानी घालावी.

विकार जुनाच आहे. माधवनिदानात अम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. जठरातील आम्ल अन्नाच्या पचनासाठीच निर्माण होते, आणि अन्ननलिका जेथे जठराला मिळते तेथील स्नायूंचा वेढा त्याला वर येऊ देत नाही. परंतु हा वेढा सैल पडला, अथवा पोटावर दाब आला, म्हणजे ते आम्ल अन्ननलिकेत चढते, आणि जठराचे अस्तर जे निमूटपणे सोसते ते तिच्या नाजूक अस्तराला सोसवत नाही.

हा दाब आपल्याकडे कसा येतो, ते कापसाच्या वेचणीत पाहावे. पहाटे घोटभर चहावर घराबाहेर पडलेली बाई दुपारी बांधावर बसून भाकरी आणि ठेचा घाईघाईने खाते, हात धुते न धुते तोच कमरेला ओटी आवळून पुन्हा पात धरते, भरत जाणाऱ्या ओटीचे ओझे पोटावर घेऊन दिवस मावळेपर्यंत वाकत राहते, आणि रात्री सर्वांची ताटे झाल्यावर स्वतः जेवून लागलीच अंथरुणाला पाठ टेकते. अशा बाईला तिखट कमी खाण्याचा उपदेश करून आपण मोकळे व्हावे, हे मला न्यायाचे वाटत नाही. जेवणानंतर तिला अर्धा तास बसण्याची मुभा देणे आणि ओटी जड होण्यापूर्वी रिकामी करण्याची तजवीज ठेवणे हा शेतमालकाचा जिम्मा आहे; आणि रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी दोन-तीन तास उरकावे, त्यात तिचेही ताट सर्वांबरोबर असावे, हा घरातील मंडळींचा. बाजेच्या उशाकडील पायांखाली सहा इंच उंचीचे ठोकळे द्यावेत. नुसत्या उशांवर उशा रचल्याने पोट दुमडते आणि दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर निजल्याने पुष्कळांना आराम पडतो. तंबाखू, मग ती बिडीची असो वा मिश्रीची, वर्ज्य करावी.

आता गोळ्यांची बाब. ओमेप्राझोल हे औषध १९८८ साली प्रचारात आले, त्यामागून पँटोप्राझोल आले, आणि या औषधांनी असंख्य रुग्णांचे क्लेश हरण केले, यात संशय नाही. परंतु ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा कायदा आहे, आणि तो सकारण आहे. ‘गॅसची गोळी द्या’ म्हणून दुकानातून पाकीट आणावयाचे आणि महिनोन्महिने गिळत राहावयाचे, यात जळजळ शमते पण मूळ दुखणे झाकले जाते. गुडघेदुखीसाठी त्याच दुकानातून आणलेली गोळी जठराला जखम करीत असेल, हे तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन वैद्यकांनी १९८२ च्या सुमारास जठरातील एका जंतूचा शोध लावला आणि पोटातील अनेक व्रणांचे मूळ तो जंतू आहे असे पुढे सिद्ध झाले. २००५ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. सबब, वर्षानुवर्षे पित्त म्हणून सोसलेले एखादे दुखणे काही दिवसांच्या योग्य औषधाने समूळ बरे होण्याजोगेही असू शकते. खाण्याच्या सोड्याने क्षणभर बरे वाटते, पण रक्तदाबाच्या रुग्णाने तो रोज घेणे अपायकारक आहे.

घास गिळताना अडकत असेल, वजन विनाकारण उतरत असेल, रक्ताची उलटी झाली असेल, किंवा शौचास डांबरासारखे काळे होत असेल, तर एक दिवसही दवडू नये. दुर्बिणीने तपासणी करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितल्यास परभणीस जाण्यात कुचराई करू नये. छाती दाटून येऊन दरदरून घाम फुटला, वेदना हाताकडे वा जबड्याकडे गेली, तर सोडा शोधीत न बसता १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत हृदयविकार पुष्कळदा नुसत्या जळजळीच्या वा मळमळीच्या रूपाने येतो, म्हणून त्यांच्याबाबत अधिकच दक्षता असावी.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत, तेव्हा खर्चाच्या भयाने कोणी मागे राहू नये. जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, गुडघ्याची असोत की पित्ताची, रिकामी झालेली असली तरी, पिशवीत घालून न्यावीत. ज्यांच्या घरी आई किंवा आजी रात्री उठून बसत असेल, त्यांनी तिच्या सांगण्याची वाट न पाहता येत्या सोमवारी सकाळी तिला स्वतः सोबत घेऊन जावे.