कुत्र्याचं मोडलेलं हाड का जुळत नाही? हिंगणी परिसरातल्या कास्तकारांनी वाचावं असं

हिंगणी (ता. सेलू) : बोर व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेल्या या भागात कुत्र्याशिवाय जागल होत नाही. वावरात रोही, रानडुक्कर शिरलं की पहिले तेच भुंकतं. पण गाडीच्या धडकेत त्याचा पाय मोडला, की बांबूच्या कमट्या, वरून चिंधी आणि 'जुळते आपोआप' म्हणून वाट पाहणं. काही पाय जुळतातही. प्रश्न न जुळणाऱ्यांचा आहे.

हाड जुळायला मोडलेली टोकं स्थिर लागतात आणि तिथं रक्त पोचावं लागतं. कमटीनं वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे धरले तरच टोकं स्थिर राहतात. मांडी मोडली तर वरचा सांधा खुब्याचा, तो कमटीत सापडतच नाही. तिथं कमटी म्हणजे मोडल्या जागी लटकवलेलं वजन. फार आवळली तर रक्त थांबून पंजा सडतो, ते वेगळंच. टोकं हलत राहिली की मधात हाडाऐवजी चिवट तंतू भरतात.

पिल्लाचं हाड साधारण महिनाभरात धरतं, मोठ्या कुत्र्याला दोन-तीन महिने लागतात. त्यानंतरही ते पाय टेकत नसेल, मोडलेली जागा हलत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. नुसतं थांबून असा पाय सहसा जुळत नाही.

मग शस्त्रक्रिया. मधले तंतू काढतात, बुजलेली हाडाची पोकळी मोकळी करतात आणि स्टीलची पट्टी, स्क्रू लावून टोकं एकमेकांवर दाबून बसवतात. हाडात जीव कमी वाटला तर त्याच कुत्र्याच्या खांद्याजवळच्या हाडातला मऊ गर काढून तिथं भरतात. पू असेल तर त्याचाही बंदोबस्त करावा लागतो.

खरी अडचण इथंच आहे. १९६२ वर फोन केला तर फिरतं पथक मिळू शकतं, पण पट्टी बसवायला ऑपरेशन थिएटर लागतं. त्यासाठी नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागते. १९५८ पासूनचं हे महाविद्यालय विदर्भाचा मोठा आधार आहे, मात्र गाडीभाडं, मजुरी बुडणं, पुन्हा तपासणीच्या चकरा हे कास्तकाराला जड जाते. खर्च झेपतच नसेल तर पाय काढणं हाही उपचारच आहे, तीन पायांवर कुत्रं चांगलं फिरतं. महिनोन्‌महिने लोंबता पाय ओढत ठेवणं त्यापेक्षा वाईट.

दुखते म्हणून घरातली पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक मात्र देऊ नये, कुत्र्याच्या जिवावर बेतते. पाय मोडला त्याच दिवशी जनावराला फळीवर निजवून, न हलवता दवाखान्यात न्यावं. ताजी मोड बसवणं डॉक्टरला सोपं जाते, तीन महिन्यांनी तेच काम दुप्पट अवघड होते.