नियम कुणाच्या सोयीचे? आकाशातल्या जहाजाची गोष्ट

चळवळीतल्या पोरांनी फासे टाकून राक्षस मारायचे खेळ खेळावेत का, असा प्रश्न आम्हाला विचारला जातो. विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. प्रश्न इतके असताना खेळ कशाला, असे त्यांना वाटते. आमचे उत्तर सरळ आहे. ज्या खेळात जन्मावरून माणसाची लायकी ठरवण्याचे नियम छापलेले आहेत, तो खेळ आपला विषय नसेल तर कुणाचा?

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी आणला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण जग उभे करतो, बाकीचे त्या जगातली पात्रे होतात. काय शक्य आणि काय अशक्य हे नियमांचे पुस्तक आणि फासे ठरवतात. १९८९ मध्ये टीएसआर कंपनीने या खेळासाठी जेफ ग्रब यांचा 'स्पेलजॅमर' हा संच काढला. त्यात शिडाची जहाजे तारकांमधून प्रवास करतात. २०२२ मध्ये आताच्या मालक कंपनीने, म्हणजे विझार्ड्स ऑफ द कोस्टने, त्याची नवी आवृत्ती काढली. तिच्यात जहाजे चालवण्याचे नियम इतके तोकडे होते की आम्ही आमच्या मोहिमेसाठी जुना संच उघडला. तो आजच्या खेळात बसवता बसवता आमचा वाद नियमांवरून माणसांवर गेला.

जुन्या संचात जहाज हलवण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यातल्या तीन बघा. पहिली, मंत्र जाणणारा एका खास आसनावर बसतो आणि त्याच्या विद्येवर जहाज चालते. दुसरी, एका यंत्रात जिवंत माणूस कोंबतात आणि त्याचा जीव शोषून जहाज पुढे जाते. तिसरी बुटक्यांची, म्हणजे ड्वार्फांची. त्यांच्या जहाजात भट्टी असते. कारागीर मिळून घडवण्याचे काम करतात आणि त्या कामाच्या शक्तीवर अख्खा किल्ला आकाशातून जातो.

विद्या, गुलामी आणि श्रम. समाजाचा गाडा कशावर चालतो, याची तीन उत्तरे एकाच खोक्यात आहेत.

पण बुटक्यांना भट्टी का लागली? कारण त्या काळच्या मूळ नियमांत बुटक्याला जादूगार होताच येत नसे. कितीही बुद्धिमान असला तरी नाही. इतर बिगरमानवी वंशांनाही ठरावीक पातळीपुढे जायला बंदी होती आणि माणसाला मात्र मर्यादा नव्हती. विद्या कुणी घ्यायची आणि कुणी हातोडा मारायचा हे जन्माच्या रकान्यात ठरत होते. बाबासाहेबांनी १९३६ च्या न झालेल्या लाहोरच्या भाषणात श्रमविभागणीचा बचाव खोडून काढला, तो इथे आठवतो. इथेही कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे.

कुणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. मग २०२२ ची आवृत्ती बघा. त्यात हाडोझी नावाचे वानरसदृश लोक आहेत. त्यांची जन्मकथा अशी छापली होती: एका जादूगाराने त्यांना पकडले, औषध पाजून शहाणे केले, सैन्य म्हणून विकायचे ठरवले, आणि त्याच्याच शिष्यांच्या मदतीने ते सुटले. शिवाय त्यांना मार कमी लागतो असा नियम. काळ्या लोकांना वेदना कमी होतात, या गुलामगिरीच्या काळातल्या खोट्या समजुतीचीच ही सावली असल्याचे वाचकांनी दाखवून दिले. ओरड झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीने माफी मागितली आणि तो मजकूर काढला.

माफी मागितली हे बरे झाले. पण परिच्छेद खोडला म्हणून विचार खोडला जात नाही. २०२४ च्या मुख्य पुस्तकात 'रेस' हा शब्द जाऊन 'स्पीशीज' आला. शब्द बदलून स्थिती बदलत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. गुणांची वाढ जन्माकडून काढली ही खरी सुधारणा आहे, ती आम्ही मान्य करतो. पण ती वाढ आता पात्राच्या पूर्वायुष्यातल्या धंद्याला जोडली. शेतकरी असाल तर ताकद, काटकपणा आणि व्यवहारी शहाणपण यांतून निवडा. उमराव असाल तर बुद्धी वाढवता येते. शेतकऱ्याच्या यादीत बुद्धी नाही! जन्म गेला आणि धंदा आला, आणि आपल्या देशात या दोहोंत किती अंतर आहे ते आपण जाणतो.

म्हणून आम्ही आमचे नियम केले. गुणांची वाढ ज्याची त्याने निवडायची. मंत्रविद्या सगळ्यांना खुली. भट्टी कुठल्याही जहाजावर बसवता येईल, तिथे जो काम करेल तो जहाजाचा भागीदार आणि मार्ग ठरवताना त्याला एक मत. हाडोझी झाडावरून तरंगत उतरतात, ते तसेच ठेवले. शरीर वेगळे असण्याला आमचा विरोध नाही, त्या वेगळेपणाची उतरंड लावण्याला आहे. त्यांची सुटका मात्र त्यांनी स्वतः संघटित होऊन केली. मालकाच्या शिष्यांना कथेतून रजा दिली.

जीव शोषणारे यंत्र ठेवायचे की नाही यावर आमच्यात मतभेद झाला. एक साथी म्हणाला, दिवसभर हेच भोगतो, खेळातही तेच कशाला? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. शेवटी ठरले की यंत्र शत्रूच्या जहाजावर राहील, कारण शोषण दिसलेच नाही तर लढायचे कशाशी? पण टेबलावरचा कुणीही हात वर करून तो प्रसंग थांबवू शकेल आणि त्याला कारण विचारले जाणार नाही.

एक जुना नियम आम्ही आनंदाने जसाच्या तसा ठेवला. जहाज आपल्याभोवती हवेचे कवच घेऊन निघते. ती हवा मोजकी असते. माणसे वाढली की तिची मुदत घटते, मग ती विटते आणि शेवटी जीव घेते. कप्तानाच्या श्वासाने ती जेवढी विटते तेवढीच झाडूवाल्याच्या श्वासाने. तिथे कुणाला वेगळा पाणवठा काढता येत नाही, कुणाच्या स्पर्शाने हवा बाटत नाही. महाडला १९२७ साली जे सत्याग्रह करून सांगावे लागले, ते त्या जहाजावर पहिल्या दिवसापासून सगळ्यांना कळते.

खेळाने क्रांती होते असा आमचा दावा नाही. पण त्याच वर्षी, त्याच महाडला, नियमांचे एक पुस्तक जाळले गेले. माणसाने लिहिलेला नियम माणूस बदलू शकतो, हे तेव्हा सिद्ध झाले. टेबलावर बसलेल्या सोळा वर्षांच्या पोरीने "हा नियम असा का?" असे विचारले आणि उत्तर पटले नाही म्हणून पेन्सिलीने तो खोडला, तर तिचा हात त्याच कामाला सरावतो आहे. उद्या ती वसतिगृहाचे नियम वाचेल, शिष्यवृत्तीच्या अटी वाचेल, नोकरीचा करार वाचेल. तेव्हाही तिने हाच प्रश्न विचारावा, एवढीच आमची अपेक्षा.

जय भीम!