दस्तरख्वान : व्याह्यांच्या दावतीला शेवंड की तलावाचा झिंगा?



या महिन्यात गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडहून आलेल्या एका पत्राला उत्तर देते आहे. प्रश्न एका घराचा आहे, पण दूरच्या सोयरिकी वाढल्यापासून तो बऱ्याच घरांत येऊ लागला आहे.

पत्र लिहिणाऱ्या बाईंची सून रत्नागिरीकडची. लग्नानंतर व्याही-विहीणबाई प्रथमच सौंदडला येणार आहेत. सुनेच्या माहेरी मोठ्या दावतीला शेवंड करतात, म्हणून मुलगा म्हणतो, "नागपूरहून फ्रोझन शेवंड आणू, पाहुण्यांना वाटलं पाहिजे की आपण काही कमी केलं नाही." घरातल्या वयस्कर सासूबाई म्हणतात, "शेवंड आपल्यात चालत नाही, माझ्या चुलीवर नको." सून बिचारी दोघांच्या मध्ये गप्प. बाई विचारतात, "शेवंड घरी कशी शिजवायची ते सांगा, आणि पहिल्याच भेटीत कुणाचं मन दुखणार नाही असंही काही सांगा."

आधी मसलकाचं बोलू, कारण गाठ तिथेच आहे. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत. शाफई मसलकात समुद्रातलं बहुतेक सगळं हलाल, त्यामुळे शेवंड, खेकडा, कोळंबी तिथे बिनदिक्कत खातात. विदर्भात आपण बहुतेक हनफी. हनफी मसलकात पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासळी हलाल धरतात. शेवंड आणि खेकडा मासळीत मोडत नाहीत. झिंग्याबद्दल मात्र हनफी उलमांमध्येच दोन मतं आहेत. काहींनी त्याला मासळीत गणून परवानगी दिली आहे, काहींनी टाळलेलं बरं म्हटलं आहे. सूरह अल-माइदाच्या ९६व्या आयतीत समुद्राची शिकार हलाल ठरवली आहे; तिच्या व्याप्तीबद्दल इमामांची समज वेगवेगळी आहे. म्हणजे सासूबाई हट्ट करत नाहीत आणि सुनेच्या माहेरचेही काही चुकीचं खात नाहीत. दोघंही आपापल्या इमामांच्या मागे आहेत. हा फरक मुलाला आणि सुनेला एकत्र बसवून समजावून सांगा. आपल्या घरानं काय पाळायचं हे आपल्या आलिमांना विचारा. ते स्वयंपाकघरात भांडून ठरत नाही.

आता शेवंडीकडे वळू. आपल्या किनाऱ्यावरच्या शेवंडीला परदेशी चित्रांतल्या लॉब्स्टरसारख्या जाड नांग्या नसतात. तिला काटेरी पाठ आणि लांब मिशा असतात. मांस जवळजवळ सगळं शेपटीत, म्हणून किलोभर शेवंड घेतली तरी ताटात फार थोडं येतं. ती ताजी, शक्यतो जिवंत घेऊन त्याच दिवशी शिजवली तरच तिची गोडी. मुंबईहून गोंदिया रेल्वेनं जवळपास हजार किलोमीटर. इतक्या लांब आलेली आणि वाटेत किती वेळा वितळून पुन्हा गोठली याचा पत्ता नसलेली शेवंड तुम्ही कोणापुढे ठेवणार? ज्यांनी जन्मभर बंदरावरून मासळी आणली त्यांच्यापुढे! पहिल्या घासालाच त्यांना कळेल. बोलणार काही नाहीत, पण तुमचे पैसे गेलेले असतील आणि सासूबाईंचं मनही.

म्हणून माझा सल्ला असा, की समुद्रावरच्या पाहुण्यांना समुद्र वाढू नका, तुमचा तलाव वाढा. गोंदिया-भंडारा म्हणजे तलावांचा मुलूख. नवेगावबांध, इटियाडोह आणि गावोगावचे मामा तलाव. मामा म्हणजे माजी मालगुजारी. या तलावांत ढिवर बांधवांच्या सहकारी संस्था मासेमारी करतात आणि काही ठिकाणी मोठ्या झिंग्याचं बीजही सोडलं जातं. निळसर लांब नांग्यांचा हा झिंगा दिसायला शेवंडीच्या तोडीचा, चवीला गोड. याची एक गंमत सुनेला जरूर सांगा. हा झिंगा गोड्या पाण्यात वाढतो, पण त्याची पिल्लं जगायला खाडीसारखं मचूळ पाणी लागतं. म्हणून त्याचं बीज हॅचरीतून आणावं लागतं. तलावात तो पोसला जातो, पण त्याची वीण तिथे होत नाही. खारं पाणी माहेर, गोडं पाणी सासर!

बीज पावसाळ्यात सोडलं तर सहा-आठ महिन्यांनी झिंगा मोठा होतो. तेव्हा दावतीच्या दोन आठवडे आधीच जवळच्या संस्थेत किंवा साकोलीच्या बाजारात चौकशी करा. मोठा मिळाला नाही तर नदीचा मध्यम झिंगा घ्या, कृती तीच. घेताना कवच चकचकीत हवं, डोकं धडाला घट्ट हवं, डोक्यापाशी काळे डाग नकोत आणि उग्र वास तर मुळीच नको.

एक गोष्ट मात्र विसरू नका. गोड्या पाण्याचा झिंगा मेल्यावर डोक्यातल्या पाचक रसामुळे मांस पिठासारखं मऊ पडायला लागतं. म्हणून जाताना बर्फाचा डबा सोबत न्या, घेतल्याबरोबर झिंगे बर्फात दाबा आणि घरी आल्यावर पहिलं काम म्हणून डोकी वेगळी करा. उन्हातून पिशवीत लोंबकळत आणलेला झिंगा कितीही मसाला घातला तरी सुधारत नाही.

झिंग्याचा भुना (सहा-सात माणसांसाठी)

साहित्य : मोठे झिंगे दीड किलो, कांदे चार, सुकं खोबरं अर्धी वाटी, खसखस एक मोठा चमचा, धणे एक मोठा चमचा, लाल मिरच्या पाच, लवंगा चार, दालचिनीचा बोटभर तुकडा, लसूण एक गड्डा, आलं दोन इंच, टमाटे दोन, हळद, मीठ, लिंबू, तेल, सांबार (कोथिंबीर).

दीड किलो जास्त वाटेल, पण या झिंग्याचं डोकं मोठं असतं. सोलल्यावर निम्म्याहून कमी मांस हाती येतं.

कृती : डोकी काढून बाजूला ठेवा. कवच सोला, शेपटीचं टोक राहू द्या, म्हणजे ताटात शोभा येते. पाठीवर चीर देऊन काळा दोरा ओढून काढा. हळद, मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस लावून पंधरा मिनिटं ठेवा. लिंबात तासभर ठेवू नका, मांस चिवट होतं.

डोक्यांतले डोळे आणि पुढची वाळूची पिशवी काढून टाका. उरलेली डोकी आणि कवचं चमचाभर तेलात लाल होईपर्यंत परता, तीन पेले पाणी घाला, पंधरा मिनिटं उकळा आणि गाळून घ्या. हा अर्क म्हणजे या भाजीचा जीव.

कांदे उभे चिरून गडद भाजा. खोबरं, खसखस, धणे, मिरच्या आणि गरम मसाला वेगवेगळे कोरडे भाजा, मग आलं-लसणासह सगळं बारीक वाटा. पाव वाटी तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परता, टमाटे घाला, ते विरघळले की अर्क ओतून दहा मिनिटं मंद शिजवा. झिंगे सगळ्यात शेवटी, पाहुणे हात धुवायला उठले की घाला. मध्यम आकाराला चार मिनिटं, फार मोठ्याला सहा-सात मिनिटं पुरतात. मांस दुधासारखं पांढरं झालं आणि झिंगा अर्ध्या चंद्रासारखा वळला की उतरवा. गोल कडं झालं तर जास्त शिजला समजा. वर सांबार पेरा. सोबत चिन्नोरचा भात ठेवा. त्या सुवासासाठी पाहुणे पुन्हा येतील.

आता सासूबाईंचं. शेवंड नको म्हणणाऱ्या बुजुर्ग झिंगा खातीलच असं धरून चालू नका, त्यांना आधी विचारा. नको म्हणाल्या तर त्यांच्यासाठी कोंबडीचा रस्सा वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीनं करा आणि तो दस्तरख्वानावर आधी येऊ द्या, उपकार केल्यासारखा मागून नको. कोणाच्या ताटात काय नाही यावर कुणी बोलू नये हे मुलांनाही सांगून ठेवा. पाहुण्यांत कुणाला झिंग्याची ॲलर्जी आहे का, हे सुनेकडून दोन दिवस आधी काढून घ्या. अंगावर गांधी उठण्यापासून श्वास कोंडण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. अशा माणसाला झिंग्याच्या तेलातलं काहीही देऊ नका.

ज्या भगिनी किनाऱ्यावर राहतात आणि ज्यांच्या घरी शेवंड चालते, त्यांच्यासाठीही थोडं. शेपटीखाली अंड्यांचा पुंजका असलेली मादी घेऊ नका, तीनशे ग्रॅमच्या आतलीही नको. मुंबईकडे सापडणाऱ्या काटेरी शेवंडीच्या निर्यातीसाठी केंद्र सरकारनं २००३ मध्ये तीनशे ग्रॅमची किमान मर्यादा ठरवली. घरच्या खरेदीलाही तोच नियम लावला तर उद्या नातवंडांना शेवंड दिसेल. जिवंत शेवंड उकळत्या पाण्यात सोडण्याची पद्धत स्वित्झर्लंडनं २०१८ पासून बंद केली. जिवाला कमीत कमी त्रास व्हावा ही तर आपल्या रसूलुल्लाह (स.) यांची शिकवण. म्हणून आधी बर्फात ठेवून तिला बधिर करा, मग धारदार सुरीनं डोक्याच्या मध्यावर एकदाच चीर देऊन दोन भाग करा. हळद, मीठ, लसूण, लिंबू लावून झाकणाखाली मंद तव्यावर कवचाच्या बाजूनं सहा-सात मिनिटं आणि मांसाच्या बाजूनं दोन मिनिटं ठेवा. इतकंच. तिला जास्त मसाला सोसत नाही.

सौंदडच्या ताई, मुलाला सांगा की पाहुणचार कमी पडेल ही भीती सोड. विहीणबाई घरी जाऊन शेवंड खातीलच. तुमच्या तलावाचा झिंगा आणि तुमच्या शेताचा भात त्यांना तुमच्याच दस्तरख्वानावर मिळणार आहे. स्वयंपाकात सुनेला बरोबर घ्या; वाटण तुम्ही करा, झिंगे तिला सोलू द्या, तिचा हात त्यात तयार असेल. आणि वाढताना सासूबाईंना मधोमध बसवा. अल्लाह तुमच्या अन्नात बरकत देवो आणि ही सोयरीक गोड ठेवो. आमीन.