जुन्या कार्ब्युरेटरची नव्या पेट्रोलशी गाठ
वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता देशभर सर्रास मिळते. एमजी, जॅग्वारसारख्या जुन्या स्पोर्ट्स मोटारींना ते मानवत नाही. एक किलो शुद्ध पेट्रोल जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणास साडेतेराच्या आसपास. नव्या गाड्यांतील संवेदक हा फरक ओळखून इंधन वाढवतो. कार्ब्युरेटर ठरल्याइतकेच सोडतो आणि इंजिन तापते. मोठे जेट, एसयू कार्ब्युरेटरमध्ये अधिक बारीक सुई, इथेनॉल सोसणारे रबर हे उपाय जाणत्या कारागिरांना ठाऊक आहेत. परंतु महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत इथेनॉल ओलावा शोषते, पाणी तळाशी बसते; त्यावर जेटचा इलाज नाही. ब्रिटनने २०२१ मध्ये दहा टक्क्यांचे पेट्रोल आणताना जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचे राखले. भारतात इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली.