फोनची किल्ली कोणाकडे?

बिबवेवाडी (पुणे), प्रतिनिधी

केंद्रीय दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी काढलेला एक आदेश अवघ्या पाच दिवसांत मागे घेतला. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी अ‍ॅप आधीपासूनच बसवलेले असावे, ते ग्राहकाला सहज दिसावे आणि त्याची कार्ये बंद किंवा मर्यादित करता येऊ नयेत, अशी अट त्या आदेशात होती. हरवलेला फोन शोधणे आणि बनावट आयएमईआय क्रमांकांना आळा घालणे हा त्यामागील हेतू असल्याचे सरकारचे म्हणणे होते. मात्र विरोधी पक्षांनी ‘पाळत’ हा शब्द उच्चारला, नागरी हक्क संघटनांनी आक्षेप घेतला, फोन कंपन्यांच्या नाराजीच्या बातम्या आल्या आणि ३ डिसेंबरला ही सक्ती रद्द करण्यात आली. वादळ शमले. परंतु पदरचे पैसे मोजून घेतलेल्या फोनमध्ये काय असावे आणि काय नसावे, हे ठरवण्याचा अधिकार अखेर कोणाचा, हा त्या निमित्ताने पुढे आलेला प्रश्न तसाच राहिला.

या प्रश्नाला तंत्रज्ञांच्या एका छोट्या जगाने आपल्यापुरते उत्तर शोधले आहे. ‘ग्राफीनओएस’ हे त्याचे नाव. अँड्रॉइडच्या खुल्या आराखड्यावर उभी असलेली, पण गूगलच्या सेवा वगळून आणि सुरक्षेची तटबंदी वाढवून तयार केलेली ही मोबाइलची कार्यप्रणाली आहे. डॅनियल मिके या कॅनडातील प्रोग्रॅमरने २०१४ मध्ये ‘कॉपरहेडओएस’ या नावाने हे काम सुरू केले. व्यावसायिक भागीदाराशी फाटल्यानंतर, २०१९ पासून, ते ग्राफीनओएस या नावाने ओळखले जाऊ लागले. ही प्रणाली विनामूल्य आहे आणि देणग्यांवर चालते. आजवर तिचा सारा भर गूगलच्याच पिक्सेल फोनांवर राहिला आहे. गूगलपासून सुटका हवी असेल तर आधी गूगलचाच फोन विकत घ्या, हा विनोद या वर्तुळात जुना झाला आहे. त्याचे कारण मात्र विनोदी नाही. फोनवर दुसरी प्रणाली चढवल्यानंतर त्याचे कुलूप पुन्हा लावण्याची मुभा, तीही त्या दुसऱ्या प्रणालीच्या किल्लीने, फार थोडे उत्पादक देतात. ही मुभा नसेल तर फोन कोणाच्या हाती पडला असता त्यातील प्रणालीत कोणी फेरफार केला की नाही, हे फोनला ओळखता येत नाही. पिक्सेलला ते येते. सुरक्षेची स्वतंत्र चिपही त्यात असते.

प्रस्तुत प्रतिनिधीने बिबवेवाडीतील घरी एका वापरलेल्या पिक्सेल ८ वर ही प्रणाली बसवून पाहिली. फोन तारेने संगणकाला जोडायचा आणि ब्राउझरमध्ये सांगितलेल्या पायऱ्या एकेक करीत जायच्या, एवढेच काम होते. अर्ध्या तासात ते उरकले. इंजिनीअरिंगचा विद्यार्थी असावे लागत नाही. अप्पर इंदिरानगरातला कोणताही मोबाइल दुरुस्तीवाला ते सहज करू शकेल. फोन सुरू झाल्यावर पहिली जाणीव होते ती रिकामेपणाची. मोजकी अ‍ॅप, ओळखीचे एकही बोधचिन्ह नाही, मागून येणाऱ्या सूचना नाहीत. गूगल प्ले हवेच असेल तर ते घेता येते, पण इथे ते घरमालक म्हणून येत नाही, इतर अ‍ॅपप्रमाणे भाडेकरू म्हणून राहते आणि मागेल ती परवानगी त्याला आपोआप मिळत नाही.

रोजच्या वापरात सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट तशी किरकोळ आहे. प्रत्येक अ‍ॅपला इंटरनेट द्यायचे की नाही, हे इथे मालक ठरवतो. नेहमीच्या अँड्रॉइडमध्ये कॅमेरा आणि ध्वनिग्राहकाची परवानगी विचारली जाते, पण इंटरनेटची विचारली जात नाही. ते गृहीतच धरलेले असते. कळफलकाच्या अ‍ॅपला इंटरनेट कशाला हवे, हा प्रश्न आपण कधी विचारला नव्हता, हे त्या दिवशी लक्षात आले. संपर्कयादीचेही तसेच. एखादे अ‍ॅप संपूर्ण यादी मागते, तेव्हा त्याच्यापुढे चारच नावे ठेवता येतात आणि उरलेली यादी आहे की नाही, हे त्याला कळत नाही. बातमीदाराच्या फोनमधील यादी ही त्याची एकट्याची मालमत्ता नसते. तीत ज्यांनी विश्वासाने क्रमांक दिला, अशी माणसे असतात.

याहून महत्त्वाची यंत्रणा डोळ्यांना दिसत नाही. हेरगिरीची आधुनिक साधने बहुतांशी फोनच्या स्मृतीतील चुकांचा फायदा घेतात. एखाद्या अ‍ॅपला त्याच्या वाट्याच्या जागेबाहेर लिहायला भाग पाडायचे आणि त्या फटीतून आत शिरायचे, अशी ती रीत आहे. ग्राफीनओएसने स्मृतीचे वाटप करणारा भागच नव्याने आणि अधिक कठोरपणे लिहिला आहे. पिक्सेल ८ पासूनच्या प्रोसेसरमध्ये स्मृतीच्या प्रत्येक तुकड्याला खूण लावण्याची सोय आहे. तिचा सर्रास वापर ही प्रणाली करते. बड्या कंपन्याही आता त्याच वाटेने निघाल्या आहेत. अ‍ॅपलने सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ सोबत याच धर्तीची व्यवस्था जाहीर केली.

हे सारे परदेशी गुप्तहेरांच्या कथेतले वाटत असेल, तर नागपूरकडे पाहावे. ऑक्टोबर २०१९ मध्ये तेथील वकील निहालसिंग राठोड यांना कॅनडातील सिटिझन लॅब या संशोधन संस्थेकडून, आपल्या फोनवर ‘पेगासस’चा हल्ला झाल्याचे समजले. भीमा-कोरेगाव आणि एल्गार परिषद प्रकरणातील आरोपी सुरेंद्र गडलिंग यांचे ते सहकारी. इस्रायलच्या एनएसओ कंपनीने बनवलेले हे सॉफ्टवेअर व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमधून आत शिरत होते. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. जगभरातील सुमारे १४०० जणांना त्यात लक्ष्य करण्यात आले. त्यांत भारतातील १२१ जण असल्याचे कंपनीने सरकारला कळवले होते. प्रा. आनंद तेलतुंबडे यांच्यासह पुणे, मुंबई आणि गडचिरोलीतील वकील व कार्यकर्त्यांची नावे त्या वेळी पुढे आली. हा हल्ला स्मृतीतील चुकीचा फायदा घेणाऱ्या प्रकारातलाच होता, हे इथे नमूद केले पाहिजे. आजच्या कडेकोट फोनवर तो थांबलाच असता असे छातीठोकपणे कोणी सांगणार नाही. पण तो करणाऱ्याला कितीतरी महाग पडला असता. या क्षेत्रात सुरक्षेचा अर्थ मुळात एवढाच आहे.

पुढे काय झाले, हेही वाचकांना आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले ते असे, की तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर आढळले, मात्र ते पेगाससच असल्याचे ठामपणे म्हणता येत नाही आणि सरकारने समितीला सहकार्य केले नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अ‍ॅपलने पाठवलेल्या धोक्याच्या सूचना मिळालेल्यांत शिवसेनेच्या (उद्धव बाळासाहेब ठाकरे) तत्कालीन खासदार प्रियांका चतुर्वेदीही होत्या. अमेरिकेत मात्र व्हॉट्सअ‍ॅपने लावलेला दावा तडीस गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने एनएसओला व्हॉट्सअ‍ॅपच्या वाटेला जाण्यास कायमची मनाई केली. ज्यांचे फोन फोडले गेले, त्यांना आपल्या देशात, ते कोणी फोडले, हे अधिकृतपणे कळलेले नाही. कायदा आणि संस्थांकडून उत्तर मिळत नाही, तेव्हा माणूस कुलूप विकत घ्यायला निघतो. ग्राफीनओएसची चर्चा वाढण्यामागे हेही एक कारण आहे, असे आमचे मत आहे.

पण कुलूप कशाला पुरे पडते आणि कशाला नाही, याची गल्लत होऊ नये. पुण्यातीलच दोन प्रकरणे त्यासाठी पुरेशी आहेत.

पहिले फोन टॅपिंगचे. पुण्याच्या तत्कालीन पोलीस आयुक्त रश्मी शुक्ला यांच्या कार्यकाळात काँग्रेसचे नाना पटोले यांचा फोन ‘अमजद खान’ या नावाखाली, अमली पदार्थांच्या तपासाचे निमित्त दाखवून ऐकला गेला, असा आरोप होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. आरोपाचे काय व्हायचे ते झाले. आपल्यापुरता मुद्दा असा, की असे ऐकणे फोनमध्ये होत नाही, ते दूरसंचार कंपनीच्या यंत्रणेत होते. हातातील फोनवर जगातील सर्वांत भक्कम प्रणाली असली, तरी साधा कॉल आणि एसएमएस यांना तिचे संरक्षण नाही. कोणत्या मनोऱ्याखाली आपण किती वाजता होतो, कोणाशी किती मिनिटे बोललो, हा तपशील कंपनीकडे जमा होतच राहतो. तो बाजारात विकला जातो, हेही ठाणे पोलिसांनी २०१८ मध्ये खासगी गुप्तहेरांवर केलेल्या कारवाईतून महाराष्ट्राने पाहिले आहे.

दुसरे प्रकरण प्रदीप कुरुलकर यांचे. दिघीतील ‘डीआरडीओ’च्या प्रयोगशाळेचे संचालक असलेल्या कुरुलकर यांना दहशतवादविरोधी पथकाने मे २०२३ मध्ये अटक केली. ‘झारा दासगुप्ता’ असे नाव सांगणाऱ्या पाकिस्तानी हस्तकाला त्यांनी संदेशांतून संवेदनशील माहिती पुरवली, असा त्यांच्यावर आरोप आहे. आरोप सिद्ध व्हायचा तेव्हा होवो वा न होवो, पण माणूस स्वतःच्या बोटांनी जे लिहून पाठवतो, त्याला कोणतीही प्रणाली अडवू शकत नाही. वाहतूक दंडाची पावती किंवा लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके फाइल उघडून, विचारली जाईल ती परवानगी देणाऱ्यालाही हेच लागू पडते. बिबवेवाडीतल्या सामान्य माणसाला पेगाससपेक्षा त्या फाइलचेच भय अधिक आहे.

फोन प्रत्यक्ष जप्त झाला तर मात्र चित्र वेगळे असते. ठरावीक वेळ, मुळात १८ तास, कुलूप उघडले गेले नाही, तर ग्राफीनओएसचा फोन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि आतील माहितीची किल्ली स्मृतीतून नाहीशी होते. कुलूप लागलेले असताना यूएसबीचे तोंड नव्या जोडणीला दाद देत नाही. तपास यंत्रणांना फोन उघडून देणाऱ्या ‘सेलेब्राइट’ या इस्रायली कंपनीची २०२४ मध्ये फुटलेली कागदपत्रे पाहता, अद्ययावत ग्राफीनओएसपुढे तिची साधने अपुरी पडत होती. त्याच वर्षी आणखी एक सोय आली. एक वेगळा आकडा टाकला की फोनमधील सारी माहिती कायमची नष्ट होते. ही सोय दुधारी आहे. चोराच्या हाती पडलेल्या फोनसाठी ती उत्तम. परंतु तपासात मागितलेला इलेक्ट्रॉनिक पुरावा नष्ट करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे आणि हा आकडा पोलिसांसमोर टाकणाऱ्याला त्याचे परिणाम भोगावे लागतील. ती बढाईने सांगण्याची गोष्ट नव्हे.

संशयाची सुरुवात तर फोनपासूनच होऊ लागली आहे. स्पेनमधील कातालोनियाच्या पोलिसांना पिक्सेल फोन दिसला की अमली पदार्थांच्या व्यापाऱ्याची शंका येते, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्रान्समध्येही त्याच वर्षी तशाच बातम्या आल्यावर या प्रकल्पाने आपले सर्व्हर तेथून हलवले. गुन्हेगार ही प्रणाली वापरतात हे खरे आहे. ते मोटारीही वापरतात. आपल्याकडे अमली पदार्थांचे निमित्त एका लोकप्रतिनिधीचा फोन ऐकण्यासाठी वापरल्याचा आरोप झालेला असताना, फोनच्या बनावटीवरून माणसाची पारख करण्याची सवय पोलिसांना न लागलेली बरी.

स्वदेशी पर्यायाचीही वाटचाल पाहिली पाहिजे. मद्रास आयआयटीच्या छत्राखालील एका कंपनीने बनवलेल्या ‘भारओएस’ची जानेवारी २०२३ मध्ये अश्विनी वैष्णव आणि धर्मेंद्र प्रधान या केंद्रीय मंत्र्यांनी जाहीर चाचणी घेतली होती. आधीच बसवलेले कोणतेही अ‍ॅप नाही, हे तिचे वैशिष्ट्य म्हणून तेव्हा कौतुकाने सांगण्यात आले. त्याच सरकारच्या एका विभागाने तीन वर्षांच्या आत प्रत्येक फोनमध्ये एक अ‍ॅप आधीच बसवण्याचा आदेश काढावा, यातील विसंगतीकडे त्या पाच दिवसांच्या गदारोळात फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. भारओएस काटेकोर गोपनीयता लागणाऱ्या संस्थांसाठी होती. बिबवेवाडीच्या दुकानात ती मिळत नाही.

अडचण शेवटी पैशांच्या व्यवहारापाशी येते. पिक्सेल ९ए हा तुलनेने स्वस्त फोन एप्रिल २०२५ मध्ये भारतात आला तोच ४९ हजार ९९९ रुपयांना. ज्या वकिलाला, कामगार कार्यकर्त्याला किंवा तालुक्याच्या बातमीदाराला या संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्याच्या खिशाला तो परवडत नाही. आणि परवडला, तरी सगळी अ‍ॅप चालतीलच असे नाही. फोनवर गूगलने प्रमाणित केलेली प्रणाली आहे की नाही, हे अनेक बँकांची अ‍ॅप गूगललाच विचारून ठरवतात. आमच्या फोनवर पैसे देण्याचे एक अ‍ॅप बिनबोभाट चालले, दुसरे सुरूच झाले नाही आणि एका बँकेच्या अ‍ॅपने ‘आपला फोन सुरक्षित नाही’ असा निरोप देऊन दार लावून घेतले. तेच अ‍ॅप घरातील जुन्या फोनवर विनातक्रार चालते. त्या फोनला सुरक्षेची शेवटची दुरुस्ती मिळून चार वर्षे झाली आहेत, पण त्याच्यावर गूगलची मोहोर आहे. सुरक्षिततेची ही व्याख्या रिझर्व्ह बँकेने आणि बँकांनी एकदा तपासून पाहायला हवी. मोहोर कोणाची, यापेक्षा प्रणाली अद्ययावत आहे का आणि तिच्यात फेरफार झालेला नाही ना, हे तपासणारी सोय अँड्रॉइडमध्ये उपलब्ध आहे आणि ग्राफीनओएस तिला उत्तर देते. प्रश्न तांत्रिक नसून इच्छेचा आहे.

तूर्त मार्केट यार्डात भाजी घ्यायला जाताना प्रस्तुत प्रतिनिधीच्या खिशात दोन फोन असतात. पैसे देण्यासाठी बाहेर निघतो तो जुना, चार वर्षे दुरुस्ती न मिळालेला.