पुठ्ठ्याच्या खोक्यातला घरगुती स्टुडिओ

पार्सल परत आलं. सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ होती, ‘फोटोत रंग मरून होता, हातात आला तो राणी.’ घरी बसून रेशमी धाग्याच्या बांगड्या करणाऱ्या गृहिणीला हे कधी ना कधी ऐकावंच लागतं. बांगडीत खोट नसते, धागाही तोच असतो. पण जाण्यायेण्याचा कुरियरचा भुर्दंड तिलाच पडतो आणि ग्राहक मनातल्या मनात म्हणतो, ‘फसवलं!’

खरी खोट असते उजेडात. दिवसाची कामं आटोपली की रात्री पलंगावरच्या फुलाफुलांच्या चादरीवर बांगडी मांडली जाते. छताखाली ट्यूबलाइट, कोपऱ्यात पिवळा बल्ब आणि त्यात मोबाइलचा फ्लॅश. आपल्या डोळ्यांना ही भेसळ जाणवत नाही, कारण मेंदू ती सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला ते जमत नाही. पिवळ्या उजेडात राणी रंगातली निळसर छटा मरते आणि तो मरूनकडे झुकतो.

यावर उपाय म्हणजे लाइट बॉक्स. तयार मिळतो, पण विकत आणायची काहीच गरज नाही. मिक्सर किंवा छोटा ओव्हन ज्यात येतो, तसं पंधरा-सोळा इंचांचं खोकं पुरेसं आहे. त्याची उघडी बाजू आपल्याकडे करून आडवं ठेवा. डावी, उजवी आणि वरची अशा तीन बाजूंना, कडेला दोन-दोन इंच पुठ्ठा सोडून, कटरनं चौकोनी खिडक्या कापा. कडा सोडायला विसरू नका, नाहीतर खोकं मान टाकतं. खिडक्यांवर बाहेरून ट्रेसिंग पेपर चिकटपट्टीनं ताणून लावा. जुनं पांढरं मलमलही चालतं, मात्र नीळ घातलेलं नको आणि पिवळसर पडलेला बटर पेपरही नको. कापडाचा रंग उजेडात उतरतो आणि मग सगळी मेहनत वाया.

आत पांढरा चार्ट पेपर मागच्या भिंतीच्या वरच्या कडेला चिकटवून खाली पुढपर्यंत सोडा. कोपऱ्यात घडी घालू नका, गोलाईनं वळू द्या. म्हणजे फोटोत भिंत कुठं संपली आणि जमीन कुठं सुरू झाली ते दिसत नाही, वस्तू पांढऱ्यात तरंगल्यासारखी वाटते.

आता दिवे. दोन टेबललॅम्प, दोन्हींत एकाच कंपनीचे, एकाच वॉटचे एलईडी बल्ब. खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेलं असेल तर दोन्हींवर तेच असलं पाहिजे. एक पिवळा, एक पांढरा असं चालणार नाही. हॅलोजन तर नकोच, तो इतका तापतो की कागद पेटू शकतो. बहुतेक जणी इथं एक चूक करतात. जास्त उजेड मिळावा म्हणून दिवा कागदाला अगदी टेकवून ठेवतात. मग कागदावर मधोमध झगझगीत ठिपका पडतो आणि आत तशीच कडक सावली. दिवा फूटभर मागे घ्या. अख्खी खिडकी सारखी उजळली की सावली आपोआप मऊ होते. फोटो काढताना खोलीतले बाकीचे दिवे बंद करा, फ्लॅशसुद्धा.

मात्र दोन्हीकडून सारखाच उजेड पडला तर धाग्याचे वेढे, भरतकामाचे टाके सपाट दिसतात. एका बाजूचा दिवा थोडा आणखी मागे सरकवा, वेढा न् वेढा उठून दिसेल. चांदी आणि स्टीलची गोष्ट वेगळी. ती आरशासारखी असल्यानं आजूबाजूचा पांढरेपणा गिळते आणि वस्तूच्या कडा हरवतात. अशा वेळी काळ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी वस्तूच्या दोन्ही बाजूंना, फोटोत येणार नाही अशी उभी करा. वाटीला, पैंजणाला लगेच आकार येतो.

राहिला मोबाइल. आधी लेन्स पदराच्या टोकानं पुसा. फोडणीचे हात लागलेली लेन्स कितीही चांगला उजेड धूसर करते. फोन डब्यांच्या चळतीवर टेकवा आणि टायमर लावा. पांढरी पार्श्वभूमी कॅमेऱ्याला फसवते. तो तिला राखाडी करून टाकतो. म्हणून पडद्यावर वस्तूला स्पर्श करून उजेडाची खूण वर सरकवा, कागद पांढरा दिसेपर्यंतच. त्यापुढे गेलात तर बांगडीचा रंग फिका पडेल. रंग खुलवणारे फिल्टर मोहात पाडतात, पण परत येणारी पार्सलं त्यांच्यामुळेही असतात.

फोटो पाठवण्याआधी बांगडी आणि मोबाइल दोन्ही घेऊन दिवसा खिडकीशी जा. वस्तू पडद्याशेजारी धरा. राणी राणीच दिसत असेल, तर पाठवा. नसेल, तर खोकं माळ्यावर टाकण्याआधी पुन्हा एक फोटो काढा.